वाचक विचारतात : हिमालयात चालायला निघण्यापूर्वी

गेल्या अंकात या सदरासाठी प्रश्न मागवले, तेव्हा सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संस्थेबरोबर हिमालयात पाच-सहा दिवसांचे पदभ्रमण करायचे आहे. वाटाड्या, तंबू आणि जेवण ही सगळी व्यवस्था संस्थेकडे आहे. मग आपण स्वतः नेमकी कशाची काळजी घ्यायची? सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी आठ प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बऱ्याच पत्रांत आजारपणाचे उल्लेख असल्यामुळे कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. गेली नऊ वर्षे मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो आणि डोंगरातील अर्धमॅरेथॉनही दोनदा पूर्ण केली आहे. जूनअखेरीस हामटा खिंडीचा ट्रेक ठरवला आहे. घरचे लोक विरळ हवेची धास्ती घेऊन बसले आहेत. सवयीच्या माणसाला तो त्रास कितपत होतो? (माध्यमिक शिक्षक, सातारा)

आपला रोजचा अजिंक्यतारा वाया जाणार नाही, परंतु ज्या कामी तो येईल असे आपल्याला वाटते, नेमक्या त्याच कामी तो येणार नाही. चढण्याची ताकद ही एक गोष्ट आहे आणि विरळ हवेशी जुळवून घेण्याची शरीराची क्षमता ही दुसरी. पहिली सरावाने कमावता येते. दुसरी प्रत्येकाची निराळी असते आणि ती वर गेल्यावरच कळते. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटर उंच आहे आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्रात आपण कितीही डोंगर पालथे घातले, तरी शरीराची ही परीक्षा येथे होतच नाही.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण सहज म्हणतो, परंतु प्रत्यक्षात ते प्रमाण तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के राहते. कमी होतो तो हवेचा दाब. हामटा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे आणि तेथे हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात पोचणारा प्राणवायू कमी पडतो. शरीर त्यावर उपाय करते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील रसायनांचा तोल नव्याने जमवू लागतात, म्हणून लघवीला वारंवार जावे लागते, आणि रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन जाग येते. ही सगळी जुळवाजुळव व्हायला काही दिवस जावे लागतात आणि तेवढे दिवस शरीराला देणे हाच या त्रासावरचा पहिला आणि खरा उपाय आहे. तंदुरुस्त माणसाचा घोटाळा येथेच होतो. त्याचे पाय त्याला भराभर वर नेतात आणि शरीराची आतली तयारी मागे राहते.

आपल्या कार्यक्रमाचा कागद समोर घ्या आणि प्रत्येक मुक्कामापुढे त्या जागेची उंची लिहा. दिवसा किती चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला महत्त्व आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती असावी, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे आणि हामट्याचा पहिला तंबू बहुधा चिका येथे, ३,१०० मीटरच्या आसपास पडतो. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली, दिल्लीहून रात्रभर बस आणि सकाळी मनालीत उतरल्याबरोबर चालायला सुरुवात, असा आपला बेत असेल, तर तो कृपा करून बदला. मनालीत दोन रात्री काढा. खर्च थोडा वाढेल, परंतु जागरणाने शिणलेले आणि पाणी कमी पडलेले शरीर घेऊन एका दिवसात हजार मीटर वर झोपायला जाणे टळेल.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, विलक्षण थकवा ही पहिली लक्षणे होत आणि ती उंची गाठल्यावर बहुतेकदा सहा ते बारा तासांत दिसू लागतात. उंचावर डोके दुखू लागले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच दुखते आहे असे धरून चालावे. तेवढ्यावर मुक्काम वाढवून थांबले, तर बहुतेकांना बरे वाटते. दुखत असताना आणखी वर जाणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे.

येथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगणे मी कर्तव्य समजतो. माझ्या दुसऱ्या हिमालयवारीत सुमारे ३,७०० मीटरवरच्या मुक्कामी संध्याकाळपासून माझे डोके ठणकत होते. वाटाड्याने जेवणाच्या तंबूत प्रत्येकाला विचारले, तेव्हा मी काही त्रास नाही असे सांगितले आणि गुपचूप वेदनाशामक गोळी घेतली. आपल्याला मागे पाठवतील, एवढीच भीती मनात होती. पहाटे निघताना मी बुटाची नाडी बांधत होतो. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. बोटे नाडीच्या टोकापर्यंत पोचत होती, पण पुढे काय करायचे ते त्यांना सुचत नव्हते. वाटाड्या काही अंतरावरून हे पाहत होता. तो जवळ आला, माझ्यापुढे उकिडवा बसला आणि मला उभे करून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच टेकवत सरळ रेषेत चालायला लावले. तिसऱ्या पावलाला माझा तोल गेला. तो एक शब्दही जास्त बोलला नाही. माझी सॅक त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्ही उतरू लागलो. सहाशे मीटर खाली आल्यावर दुपारपर्यंत माझे डोके उतरले आणि मला भूक लागली. इकडे वर मात्र उरलेल्या गटाला एक वाटाड्या कमी पडला. गटातील साठीच्या एका बाईंना बर्फाच्या उतारावरून हात धरून नेणारे दुसरे कोणी नव्हते, आणि बाकीचे सगळे दोन तास थंडीत खोळंबून राहिले. सर्व जण सुखरूप परतले; परंतु माझ्या एका खोट्या उत्तराची किंमत त्यांनी मोजली, हे मी विसरू शकलेलो नाही. म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की वाटाड्या कितीही जाणता असला, तरी आपले डोके दुखते आहे हे त्याला आपणच सांगितले पाहिजे.

दोन अवस्था ओळखून ठेवा. चालताना तोल जाणे, बोलण्यात किंवा विचारात गोंधळ होणे ही मेंदूला सूज येत असल्याची खूण आहे. बसल्या जागी धाप लागणे, खोकला थांबत नसणे, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडणे ही फुप्फुसांत पाणी होत असल्याची खूण आहे. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. सोबत माणूस देऊन तत्काळ खाली उतरवावे लागते. प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात; ती उतरण्याची जागा घेत नाहीत.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, हा त्रास टाळण्यासाठी दिली जाते. ती शरीराला जलद श्वास घ्यायला लावते आणि जुळवाजुळव लवकर घडवून आणते. तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, आणि कोणीही ही गोळी सहप्रवाशाच्या डबीतून उसनी घेऊ नये. आपले वय पाहता निघण्यापूर्वी हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

एवढे केल्यावर मात्र हामट्याला निःशंक मनाने जा. कुलूच्या बाजूने हिरव्या, ओल्या दरीतून चढायचे आणि खिंड ओलांडताच लाहौलच्या कोरड्या, उघड्या डोंगरांत उतरायचे, असा हा मार्ग आहे. महाबळेश्वरच्या धुक्यातून माणच्या माळावर यावे, तसा हा पालट काही पावलांत घडतो आणि त्याचे कारणही तेच आहे : ढग अलीकडच्या बाजूलाच रिते होतात.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर उत्तराखंडात ट्रेकला जायचे म्हणतो. एका संस्थेचे शुल्क दुसरीच्या जवळजवळ निम्मे आहे. दोघांच्या जाहिराती सारख्याच दिसतात. पालकांनी काय विचारावे? (गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

शुल्क कुठे कमी झाले, हे विचारा. ते बहुधा पाच ठिकाणी कमी होते : वाटाड्यांची संख्या, मुक्कामाचे दिवस, आणीबाणीची साधने, अन्न आणि ओझे वाहणाऱ्या माणसांची मजुरी. यांतली एकही कपात जाहिरातीतील छायाचित्रात दिसत नाही.

संस्थेला फोन करून गटात किती जण असतील आणि त्यांच्यामागे किती वाटाडे असतील, हे पहिल्यांदा विचारा. वाटाड्यांपैकी कोणी गिर्यारोहणाचे किंवा प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आहे का, हेही विचारा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आणि दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून असे शिक्षण देत आहे, त्यामुळे प्रशिक्षित माणसे मिळतच नाहीत ही सबब ग्राह्य धरू नये. त्याबरोबरच गावातला, त्या वाटेवर लहानाचा मोठा झालेला माणूस गटात असणेही तितकेच आवश्यक आहे. प्रमाणपत्र असलेल्याला दोर बांधता येतो. गावातल्या माणसाला कोणता ओढा दुपारी चढतो ते ठाऊक असते.

नंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारा : सर्वांत उंच मुक्कामी एखाद्याची प्रकृती रात्री दोन वाजता बिघडली, तर तुम्ही नेमके काय करता? चांगली संस्था या प्रश्नाला अडखळत नाही. कोण सोबत उतरेल, प्राणवायू कोणत्या तंबूत असतो, गाडीरस्ता किती तासांवर आहे, जवळचे रुग्णालय कोणते, गावाशी संपर्क कसा साधला जातो, हे ती ओळीने सांगते. "आमच्याकडे आजवर असे कधी झालेच नाही" हे उत्तर आले, तर मुलाला दुसरी संस्था शोधायला सांगा. येथे एक गोष्ट सांगून ठेवलेली बरी, असे माझ्या पत्नीने हे उत्तर वाचताना सुचवले : आपल्या देशात उपग्रह फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, म्हणून परदेशस्थ नातलगाने दिलेले तसे यंत्र मुलाच्या सॅकमध्ये घालू नये.

प्रकृतीची माहिती विचारणारा अर्ज संस्थेने भरून घेतला नाही, तर तोही वाईट लक्षण समजा. तंबू कोठे लागणार, हेही विचारण्यासारखे आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. हा आदेश संस्थेला माहीत नसेल, तर वनखात्याच्या परवान्यांबाबतही ती किती काटेकोर असेल याची शंका घ्यायला जागा आहे.

आणि ओझे वाहणाऱ्यांबद्दल अवश्य विचारा. त्यांना बूट, उबदार कपडे आणि झोपायला तंबू मिळतो का? त्यांचा विमा आहे का? आपल्या मुलाच्या जेवणाची भांडी ज्याच्या पाठीवर आहेत, तो माणूस रबरी चपलेत बर्फ तुडवत असेल, तर ती संस्था कितीही नावाजलेली असली तरी आपण तिला पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सामानाची यादी संस्थेने पाठवली आहे, पण सगळे नवे घ्यायचे तर पंचवीस-तीस हजार रुपये लागतील. कशावर खर्च करावा आणि काय टाळावे? (बँक कर्मचारी, कराड)

बुटांवर करा. बाकी बरेचसे भाड्याने किंवा उसने मिळते; बूट मात्र स्वतःचे आणि पायाला सरावलेले हवेत. नवे घेतले, तर निघण्याआधी किमान सहा आठवडे ते घालून चाला. जाड मोज्यांसह मापाला घ्या आणि उतारावर उभे राहून बोटे पुढे टेकत नाहीत ना, हे दुकानातच पाहा.

जुने बूट असतील, तर त्यांवरही विसंबू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका गृहस्थांनी पूर्वी घेतलेले महागडे बूट कपाटातून काढून आणले. वरून ते नव्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी दगडांच्या राशीतून जाताना त्यांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला आणि आतला फेस बिस्किटासारखा भुगा होऊन बाहेर पडू लागला. काही बुटांच्या तळाचा हा थर वर्षानुवर्षे न वापरता दमट हवेत राहिला, तर आतून कुजतो. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे त्याला पुरेसे होतात. चिकटपट्टी आणि दोरीने तो तळ बांधून त्यांना पुढचे तीन दिवस काढावे लागले. म्हणून जुन्या बुटाचा तळ अंगठ्याने जोरात दाबून, वाकवून पाहा आणि सॅकमध्ये रुंद चिकटपट्टीची एक गुंडाळी ठेवा.

कपड्यांत सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवते, लवकर वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंगातली ऊब ओढून घेते. एकच जाडजूड स्वेटर घेण्यापेक्षा अंगालगत घाम सोडणारा थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा, असे तीन थर सोयीचे पडतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे मनालीत शर्टावर फिरता आले म्हणून खिंडीतही तसेच असेल, असे समजू नये. बर्फावरून जायचे असेल, तर अतिनील किरण अडवणारा, बाजूंनी बंद असलेला काळा चष्मा अत्यावश्यक आहे. बर्फ ऊन परत फेकतो आणि उघड्या डोळ्यांना काही तासांतच इजा होते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे दुखते आणि दुसऱ्या दिवशी पाहता येत नाही.

झोपायची पिशवी संस्था देते. पाण्यासह सॅकचे वजन दहा-बारा किलोंच्या आत ठेवा. खाऊ म्हणून आपल्याकडचा तासगावचा बेदाणा, शेंगदाणे आणि गूळ यांच्यापेक्षा सरस काही मला अजून सापडलेले नाही. भूक मेलेली असतानाही बेदाणा तोंडात धरवतो.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे व इन्सुलिन चालू आहे. मी जावे का? (व्यापारी, मिरज)

जावे की नाही, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे आणि मिरजेत त्यासाठी लांब जावे लागणार नाही. त्यांना केवळ "ट्रेकला जातो" असे न सांगता किती उंचीवर, किती दिवस, रोज किती तास चालणार आणि रस्त्यापासून किती दूर असणार, हे लिहून द्या. त्यांनी अनुमती दिली, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते दिवसा अंगालगतच्या खिशात आणि रात्री झोपायच्या पिशवीत ठेवा. साखर मोजण्याचे यंत्र थंडीत चुकू शकते, म्हणून तेही उबेत ठेवा. साखर उतरल्यावर येणारी चक्कर, घाम आणि गोंधळ ही लक्षणे विरळ हवेच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून वाटाड्याला आणि तंबूतल्या सोबत्याला आपला आजार पहिल्याच दिवशी सांगा. लपवला, तर ते चुकीच्या रोगावर इलाज करतील.

प्रश्न : साताऱ्याच्या लोकांना घराबाहेर पडले की डोंगर आहे. आम्ही सांगलीकरांनी सराव कोठे करावा? (अभियंता, सांगली)

दंडोबाचा डोंगर आपल्याला पुरेसा आहे, मात्र तो एकदा चढून परत येऊ नका; एका सकाळी तीन-चार वेळा चढा आणि उतरा. हिमालयात दमवतो तो एका दिवसाचा चढ नव्हे, तर कालचे दुखणारे पाय घेऊन आज पुन्हा चालणे. म्हणून महिन्यातून दोनदा तरी शनिवार आणि रविवार लागोपाठ चाला. रविवारचे चालणे हाच खरा सराव आहे.

सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आठ किलो वजन करा आणि वर पोचल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ते पाणी झाडांना घालून मोकळ्या सॅकने उतरा, म्हणजे गुडघ्यांवर एकदम भार येणार नाही. शेवटच्या महिन्यात मात्र वजनासह उतरण्याचीही सवय करा, कारण गुडघे दुखतात ते उतारावर. साताऱ्याकडे यायला जमले, तर सज्जनगडाच्या पायऱ्या आणि कोरेगावजवळचा जरंडेश्वराचा उभा चढ उत्तम. पावसाळा सोडून वनखात्याच्या परवानगीने बामणोलीहून होडीतून शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्याला गेलात, तर दाट रानातला दिवसभराचा चांगला सराव होतो. संध्याकाळच्या आत परतावे लागते, त्यामुळे वेळेचे भानही येते. पुढे हिमालयात त्याची फार गरज पडते. चालताना बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलणे तुटू लागले, की पाय आवरा.

प्रश्न : पाळीचे दिवस ट्रेकमध्येच येणार आहेत. गोळ्या घेऊन पुढे ढकलावी का? तंबूत स्वच्छतेची सोय कशी असते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, इस्लामपूर)

पाळी आली म्हणून चालता येत नाही असे अजिबात नाही. पुढे ढकलण्याच्या गोळ्या हार्मोन्सच्या असतात आणि काहींच्या बाबतीत रक्तात गाठ होण्याचा धोका वाढवतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना उंचीची कल्पना देऊन विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. प्रवास आणि उंचीमुळे तारीख मागेपुढेही होते, तेव्हा बरोबरच्या इतर मैत्रिणींनीही सामान जवळ ठेवावे. वापरलेले पॅड पुरू नका आणि दगडाखाली लपवू नका. वर थंडीत काही कुजत नाही. कागदात गुंडाळून, बंद होणाऱ्या जाड पिशवीत घालून ते परत आणायचे असतात.

मुक्कामी बहुधा खड्डा खणून केलेला शौचालयाचा तंबू असतो. वाटेत आडोसा शोधावा लागतो. याच संकोचापायी अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. माझ्या पाहण्यात गटातील मुलींना झालेल्या डोकेदुखीच्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण निघाले आहे. गटात स्त्री-वाटाडी आहे का, हे नोंदणीच्या वेळीच विचारा आणि नसेल तर गटातील एखाद्या वडीलधाऱ्या ताईंना पहिल्या दिवशी सांगून ठेवा की अमुक वेळाने थांबायला लागेल. गट थांबतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

प्रश्न : सॅक खेचरावर दिली तर तो ट्रेक खरा मानायचा का? (वाचक, फलटण)

मानायचा. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, तर अवश्य द्यावी. त्यातून गावातील माणसाला रोजगारही मिळतो. केवळ एक पथ्य पाळा. खेचरे निराळ्या वाटेने जातात, कधी मागे राहतात, आणि पाऊस नेमका तेव्हाच येतो. उबदार जॅकेट, रेनकोट, डोक्याला बांधायची विजेरी, औषधे, पाणी आणि खाऊ एवढे कायम आपल्याच पाठीवर असू द्या.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आमच्या गटाला खिंडीच्या जेमतेम २०० मीटर खालून परत फिरवले. तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते आणि ऊनही होते. वाटाड्या म्हणाला, उशीर झाला. पूर्ण पैसे भरून आम्हाला खिंड मिळाली नाही. संस्थेकडे तक्रार करणे योग्य ठरेल का? (वकील, कोरेगाव)

आपली निराशा मी समजू शकतो. वर्षभर वाट पाहून गेलेल्या माणसाला समोर दिसणारी खिंड सोडून पाठ फिरवणे फार जड जाते. तरीही आपण लिहिलेल्या हकिकतीवरून त्या वाटाड्याचा निर्णय मला योग्यच वाटतो.

दोनशे मीटर उंची म्हणजे तेवढ्या विरळ हवेत, मऊ बर्फात आणि दमलेल्या गटासह दीड-दोन तास. म्हणजे आपण दीडच्या सुमारास खिंडीत पोचला असता आणि त्यानंतर पलीकडचा उतार शिल्लक होता. सकाळी बर्फ घट्ट असतो, पाय वर राहतो. ऊन चढले की तोच बर्फ भुसभुशीत होतो, गुडघ्यापर्यंत पाय रुततात आणि बर्फात अडकून बसलेले दगड सुटू लागतात. साडेअकराचे ऊन आपल्याला अनुकूल दिसले. वाटाड्याला त्यात बर्फ वितळताना दिसत होता. त्या वितळलेल्या पाण्याने खालचे ओढेही दुपारनंतर फुगतात. सकाळी घोट्याएवढे पाणी असलेला प्रवाह चार वाजता मांडीला लागतो आणि त्याचा जोर उभे राहू देत नाही. शिवाय डोंगरात दुपारी ढग जमतात, हे आपण सह्याद्रीतही वळवाच्या दिवसांत पाहतो. म्हणूनच जाणते वाटाडे परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी ती बदलत नाहीत.

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर बहुतांश कर्नाटकातील पदभ्रमकांचा, वाटाड्यांसह २२ जणांचा गट वादळी हवामानात सापडला आणि त्यांपैकी नऊ जणांचा मृत्यू झाला. तेही हौसेने, वाटाड्यांसह गेलेले लोक होते. हवा बिघडायला अशा उंचीवर तास-दीड तास पुरतो.

मात्र एका बाबतीत आपण संस्थेला जाब विचारू शकता, आणि वकील असल्याने तो नेमक्या शब्दांत विचाराल याची मला खात्री आहे. त्या दिवशी गट पहाटे किती वाजता निघाला? खिंडीच्या दिवशी तीन-चार वाजता चालायला सुरुवात करायची असते. आपला गट सहा वाजता निघाला असेल, तर उशीर खिंडीखाली नव्हे, मुक्कामावरच झाला होता, आणि त्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. कार्यक्रमात एक राखीव दिवस होता का, हेही पाहा. तो असता, तर गट खाली उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू शकला असता. बरेच लोक स्वस्त पडते म्हणून राखीव दिवस नसलेला कार्यक्रम निवडतात आणि मग खिंड हुकली की वाटाड्यावर रागावतात. पैसे परत मिळण्याबाबत नोंदणीच्या अटी वाचा. हवामानामुळे परत फिरल्यास परतावा नाही, असे बहुतेक अटींत लिहिलेले असते आणि मला ते रास्त वाटते, कारण परताव्याचा धाक असला तर उद्या हाच वाटाड्या कोणाला तरी पुढे नेईल.

मेमध्ये उंच खिंडींवर बर्फ बराच असतो. पुन्हा जायचे झाल्यास जूनच्या उत्तरार्धातील तारीख घ्या, राखीव दिवस असलेला कार्यक्रम निवडा, आणि संस्थेकडून त्या वाटाड्याचे नाव विचारून त्याच्याच तुकडीत जागा मागा.